हरणाच्या रायफलवर दुर्बीण निवडताना आणि बसवताना

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय संपवला. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मात्र 15 ते 30 नोव्हेंबर हा बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा रीतसर हंगाम असतो. तिथे राहणारा कुणी मराठी माणूस परवाना काढून मित्रांबरोबर उत्तरेकडच्या जंगलात जाणार असेल, तर रायफलीइतकाच विचार त्याने तिच्यावरच्या दुर्बिणीचा करावा. पार चुकलेल्या गोळीपेक्षा अर्धवट लागलेली गोळी वाईट. जखमी हरीण झाडीत शिरतं आणि तिथे तडफडत राहतं.

आकड्यांचा अर्थ

3-9×40 असं लिहिलेली दुर्बीण वस्तू तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठी दाखवते आणि तिचं पुढचं भिंग 40 मिलिमीटर व्यासाचं असतं. नवशिक्याला मोठ्या पटीचा मोह होतो. पण पट वाढली की दिसणारा परिसर आक्रसतो. 100 यार्डांवर तिपटीला साधारण 33 फूट रुंदीचा पट्टा दिसतो, तर नऊपटीला जेमतेम 14 फुटांचा. दाट झाडीत 50-60 यार्डांवर अचानक हरीण उभं राहिलं, तर नऊपटीत फक्त तपकिरी केस दिसतील आणि ते मानेवरचे की मांडीवरचे हे कळणार नाही. म्हणून चालताना दुर्बीण तिपटीवरच ठेवावी. मिशिगनच्या जंगलाला 3-9×40 पुरेशी आहे. त्याहून मोठी घेण्याचं कारण मला दिसत नाही.

उजेड

हरणं बाहेर पडतात ती पहाटे आणि तिन्हीसांजेला. मिशिगनमध्ये सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडता येते, म्हणजे खरी परीक्षा अंधुक उजेडातच होते. भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. चाळीसच्या भिंगात नऊपटीला ती साडेचार मिलिमीटरच्या आत राहते, पाचपटीला 8 होते. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे 7 मिलिमीटर उघडते. तेव्हा संध्याकाळी चित्र काळवंडलं तर पट कमी करावी. जर्मनीतले शिकारी मचाणावर 8×56 वापरतात त्यामागेही हाच हिशेब आहे: 56 भागिले 8 बरोबर 7.

बेस आणि रिंगा

दुर्बिणीवर भरपूर खर्च करून, तिला रायफलीवर धरून ठेवणारे बेस आणि रिंगा स्वस्तातल्या घेणं ही सर्वांत महागात पडणारी काटकसर. नळी एक इंचाची आहे की 30 मिलिमीटरची, हे पाहून त्याच मापाच्या रिंगा घ्याव्यात. पुढचं भिंग बॅरलला टेकणार नाही आणि बोल्टचा दांडा अडणार नाही, एवढं सांभाळून दुर्बीण शक्य तितकी खाली बसवावी. ती उंच बसली की गाल दस्त्यावर टेकत नाही आणि नेम डळमळतो.

कामाला हात लावण्याआधी रायफल रिकामी आहे याची खात्री करावी, चेंबरमध्ये बोट घालूनसुद्धा. मग स्क्रू आणि त्यांची भोकं तेलमुक्त करावीत. स्क्रू एकदम न आवळता आळीपाळीने, तिरपे-समोरासमोर थोडे थोडे आवळावेत आणि कंपनीने दिलेलं माप टॉर्क रेंचनेच पाळावं. जास्त आवळल्यास नळी चेपते. रिंगांच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे.

डोळ्यापासूनचं अंतर

हे माप अंगात हंगामाचा जाड कोट घालूनच घ्यावं. शर्टावर घेतलेलं माप थंडीत चुकतं. पट सर्वांत मोठी करून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. कडेला काळी रिंग न दिसता पूर्ण गोल दिसेपर्यंत दुर्बीण पुढे-मागे सरकवावी. बहुतेक दुर्बिणींत हे अंतर साडेतीन इंचांच्या आसपास येतं. ते कमी पडलं तर धक्क्याने भुवई फुटते.

उभी रेघ सरळ करण्यासाठी गवंड्याचा ओळंबा उत्तम. रायफल पाणसळीने समतल करावी, 20-25 फुटांवर ओळंबा सोडावा आणि दुर्बिणीतली रेघ त्या दोरीशी जुळवावी.

झिरो करणे

झिरो करणे म्हणजे दुर्बिणीतला नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळवणं. पहिल्या गोळ्या 25 यार्डांवर झाडाव्यात, म्हणजे त्या निदान लक्ष्याच्या कागदावर तरी लागतील. ढोबळ जुळणी झाली की 100 यार्डांवर जावं. बहुतेक अमेरिकी दुर्बिणींत एक क्लिक 100 यार्डांवर सुमारे पाव इंच सरकवते. गोळी 3 इंच खाली लागत असेल, तर 12 क्लिक वर. 25 यार्डांवर तेवढ्याच चुकीसाठी चौपट, म्हणजे 48 क्लिक लागतात, हे लक्षात न घेतल्याने बरेच जण गोंधळतात. प्रत्येक बदलाआधी तीन गोळ्या झाडून त्यांचा मध्य धरावा आणि मधे बॅरल थंड होऊ द्यावी. शिकारीत जी काडतुसं वापरायची, तीच इथेही वापरावीत. रायफल गाडीतून दूरवर नेली किंवा हातातून पडली, तर शिकारीआधी पुन्हा कागदावर तपासावी.