टोळी गेली, धाक उरला

भिवंडीत ज्या गोदामात मी स्टोअरकीपर होतो, तिथल्या माथाडी टोळीला गेल्या महिन्यात नारळ मिळाला. सगळं काम ठेकेदाराकडे गेलं. मी निवृत्त आहे, तरी बातमी जिव्हारी लागली.

सुरुवातीची वर्षं एकसुरी होती. मुंबईत माल नेला की जकात, म्हणून तो माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेरच्या गाळ्यांत उतरायचा आणि लागेल तसा पुढे जायचा. 1969च्या माथाडी कायद्यामुळे टोळीची मजुरी माथाडी मंडळामार्फत मिळायची. मालकाच्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी निघायचा.

1 जुलै 2017ला जीएसटी आला, जकात गेली. कंपन्यांनी ठिकठिकाणची छोटी गोदामं मिटवून मोठ्या शेड घेतल्या. काम वाढलं, पण त्यानंतर जे साहेब आले त्यांना गोदाम समजून घ्यायचंच नव्हतं. जुने व्यवस्थापक सकाळी मुकादमाला विचारून गाड्या लावायचे. नव्यांच्या राज्यात दिवसभर धक्का रिकामा आणि संध्याकाळी चार गाड्या एकदम. सर्वांत जास्त खपणारा माल सर्वांत लांबच्या रॅकवर. तासाला किती नग उचलले ते स्कॅनर मोजायचा, पायपीट कोणीच मोजत नव्हतं. साठा जुळला नाही की पिकिंगवाल्या पोराचा पगार कापायचा. नोंद कोणी चुकवली याची चौकशी नाही. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखालून पाणी प्यायला गेलेल्यावर ठपका. मी तोंडी सांगितलं, लेखी दिलं. उत्तर एकच: टार्गेट वरून आलंय.

हा कारभार एका शेडपुरता नाही. 2024मध्ये हरियाणातल्या मानेसरच्या एका बड्या ऑनलाइन कंपनीच्या गोदामात, टार्गेट होईपर्यंत पाणी पिणार नाही, लघवीला जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याची बातमी आली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने केंद्राला नोटीस काढली.

टोळी असताना मुकादम साहेबाला तोंडावर सांगायचा, "आज माणसं दमलीत, ही गाडी उद्या." आता असं बोलणाऱ्या पोराला ठेकेदार दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही. साहेबांचं नियोजन चुकतं आणि त्याची भरपाई कामगाराच्या कंबरेतून होते, तीही बिनबोभाट.

गोदाम चालवणाऱ्यांनी आधी महिनाभर धक्क्यावर उभं राहून माल उतरवावा. टार्गेट त्यानंतर ठरवावं.