गुडघा मुरगळला? चोळू नका!

गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या, की वालचंदनगर परिसरात कबड्डीचे सामने आणि कुस्त्यांचे आखाडे रंगतात. त्याबरोबर माझ्याकडे लंगडत येणाऱ्या तरुणांची संख्याही वाढते. तक्रार एकच : "डॉक्टर, गुडघा मुरगळलाय. चोळून घेतला, पण उतार नाही."

गुडघा हा शरीरातील सर्वांत मोठा सांधा. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि पुढे वाटी. तो बिजागरीसारखा उघडतो-मिटतो. फार पीळ त्याला सोसत नाही. दोन हाडांमध्ये कूर्चेच्या चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात. त्या दणका झेलतात. हाडे जागेवर धरून ठेवतात ते चार मुख्य अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट. दोन बाजूंना दोन आणि आत एकमेकांना छेद देणारे दोन.

चढाई करणारा खेळाडू पाय रोवून एकदम वळतो, किंवा पकडीत पाय अडकून अंग फिरते. अशा वेळी आतला पुढचा अस्थिबंध तुटू शकतो. अनेकदा 'कट्' असा आवाज येतो आणि काही तासांतच गुडघा टम्म फुगतो. आत रक्त साचल्याची ही खूण. गादी फाटली तर सूज बहुधा सावकाश, दुसऱ्या दिवसापर्यंत येते. मांडी घालताना कळ येते, कधी गुडघा मध्येच अडकतो.

अशा गुडघ्याला सुरुवातीचे दोन-तीन दिवस चोळणे आणि शेकणे नको. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावा. पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. पायावर भार देता येत नसेल, गुडघा वाकडा दिसत असेल किंवा पाऊल गार, बधिर पडले असेल, तर क्षणाचाही उशीर नको.

एक्स-रेमध्ये हाड दिसते, अस्थिबंध दिसत नाही. 'फोटो चांगला आला' आणि सूज ओसरली म्हणून पुन्हा मैदानात उतरलेली मुले मी पाहिली आहेत. गुडघा पुन्हा निसटतो आणि शाबूत राहिलेली गादीही फाटते. एका सामन्याच्या हौसेपायी जन्माचे दुखणे!

विनेश फोगाटला 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या कुस्तीत गुडघ्याची गंभीर दुखापत झाली. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने व्यायाम झाला आणि 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले. गुडघा बरा होतो. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो.