पांढरीचा नकाशा

मराठी गावगाड्यात जमिनीचे दोन भाग : पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. चुलीची राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी साचतात आणि तिथली माती फिकट होते. गाव उठून गेले तरी हा रंग राहतो. घोड नदीच्या खोऱ्यातील जुन्या वस्त्या शोधताना मी उपग्रहचित्रांत पाहतो तो हाच रंग.

सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रे फुकट मिळतात. त्यांतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटरचा चौरस. मी एप्रिल-मेमधली चित्रे निवडतो. तेव्हा बरेचसे रान नांगरून मोकळे असते आणि काळ्या मातीत फिकट डाग उठून दिसतो. पण प्रत्येक डाग म्हणजे वस्ती नव्हे. चुनखडीची जमीन, चोपण, मोडलेली वीटभट्टी, हे सारेच वरून पांढरे दिसते.

म्हणून पायी जावेच लागते. ठरावीक अंतराने ओळी धरून चालायचे, दिसतील ती खापरे मोजायची, जीपीएसवर जागा नोंदवायची. लाल अंगावर काळी नक्षी आणि वाजवल्यावर खणखणीत आवाज, ही जोर्वे संस्कृतीच्या खापराची खूण. शिरूर तालुक्यातील इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० पर्यंतचे थर मिळाले, त्यामुळे परिसरातील खापरांचा काळ ताडून पाहता येतो. डाग वस्तीचा विस्तार सुचवतो. काळ सांगते ते खापर.

खरी अडचण पुढेच आहे. पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकतात. पूर्वी ती बैलगाडीने जाई, आता जेसीबी आणि ट्रॅक्टर येतात. अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांनी १९६० ते १९७२ दरम्यान टिपलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. आजच्या चित्राशेजारी ती ठेवली, की तेव्हाचे टेकाड आज सपाट झालेले दिसू शकते. लहान वाड्या अशा आधी पुसल्या जातात आणि नकाशावर मोठी गावे एकटी उरतात. त्यावरून ‘या काळी वाड्या नव्हत्या’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. शिवाय मातीबरोबर खापरेही जातात. जिथे कोणी राहिलेच नाही, तिथे वस्तीचा भास होतो.

यात शेतकऱ्याला दोष देता येत नाही. त्याला ते घरचे खत आहे. मी नोंदवहीत एक रकाना वाढवला आहे : माती कधी उचलली, कुठे टाकली. तो उपग्रहाला भरता येत नाही. त्यासाठी बांधावर बसून मालकालाच विचारावे लागते.