डोंगरी सायकलचा टायर कसा निवडावा?

शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या सायकलींवरून नजर फिरविली, तर जाड, खडबडीत टायरांच्या डोंगरी सायकलीच अधिक दिसतात. इंग्रजीत त्यांना माउंटन बाईक म्हणतात. त्यांवरून कोणी डोंगर चढतो असे नाही. शाळा, शिकवणी आणि बाजार एवढीच बहुतेकांची मजल. तरी टायर झिजावयाचे ते झिजतातच, आणि नवे घेण्याची वेळ आली की मुले गोंधळतात व पालकही गोंधळतात. आम्हीही एकदा असेच फसलो, म्हणून हा लेखनप्रपंच.

दुकानात जाऊन आम्ही “सव्वीसचा टायर द्या” एवढेच म्हटले. टायर मिळाला. घरी येऊन चढवू लागलो, तर तो रिमवर सैल! एका बाजूने दाबून बसवावा, तो दुसऱ्या बाजूने निसटावा. नीट पाहिले तेव्हा उमगले की, नव्या टायरवर २६ × १ ३/८ असे छापले आहे आणि जुन्यावर २६ × २.१०. दोन्ही सव्वीसच, मग अंतर कोठे पडले?

इंचांतील हा आकडा रिमचा नव्हे. हवा भरलेल्या टायरचा बाहेरचा व्यास तो सांगतो, आणि तोही स्थूलमानाने. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत आकड्यांची आणखी एक जोडी असते : आमच्या नव्या टायरवर ३७-५९०, जुन्यावर ५४-५५९. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जेथे बसतो तेथील व्यास, दोन्ही मिलिमीटरांत. आम्ही कला शाखेचे, अंकांशी आमचे सख्य बेताचेच. पण हे गणित आम्हांलाही जमले. ५९० मध्ये ३७ दोनदा मिळविले की ६६४ होतात. ५५९ मध्ये ५४ दोनदा मिळविले की ६६७. बाहेरून दोन्ही चाके सव्वीस इंचांच्या आसपास, पण आत तब्बल ३१ मिलिमीटरांची तफावत! म्हणून दुकानात जाताना जुन्या टायरवरील ही जोडी कागदावर उतरवून न्यावी. नव्या सायकलींत २७.५ इंची चाकाचा हा आकडा ५८४ असतो, तर २९ इंचीचा ६२२.

या ५५९ ची कुळकथाही मनोरंजक आहे. अमेरिकेतील श्विन कंपनीने १९३३ साली फुग्यासारख्या जाड टायरांच्या सायकली बाजारात आणल्या. पुढे १९७० नंतर कॅलिफोर्नियातील काही तरुण तसल्याच जुन्या, जड सायकली घेऊन कच्च्या डोंगरवाटांनी खाली धावू लागले. १९७६ मध्ये फेअरफॅक्स गावाजवळ त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. उतारावर मागच्या चाकाच्या ब्रेकमधील वंगण तापून जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या वाटेचे नावच ‘रिपॅक’ पडले. डोंगरी सायकल जन्मली ती अशी, आणि चाकाचे माप तिने त्या जुन्या सायकलींकडूनच घेतले.

माप जुळल्यावर प्रश्न येतो नक्षीचा. उंच उंच रबरी ठोकळ्यांचा टायर रुबाबदार दिसतो, यात शंका नाही. चिखलात व भुसभुशीत मातीत ते ठोकळे रुततात म्हणून चाक घसरत नाही. त्यांच्यामध्ये पुरेसे अंतर असेल तर चिकटलेला चिखलही झडून जातो. डांबरावर मात्र त्यांचा उपयोग नाही. तेथे ते वाकतात, गुरगुरतात आणि आपली शक्ती खातात. पावसात गुळगुळीत टायर घसरतो ही समजूत मोटारीवरून आली आहे. सायकलचा टायर अरुंद, त्याचा दाब जास्त आणि वेग कमी. त्यामुळे तो पाण्यावर तरंगत नाही. ओल्या डांबरावर, रबर जितके अधिक टेकेल तितके बरे. आमच्याकडे घर ते हमरस्ता तांबड्या मातीची, जांभ्याच्या खड्यांची वाट आणि पुढे डांबर, असा संमिश्र मार्ग अनेकांचा असतो. अशांनी मधोमध सलग पट्टी आणि दोन्ही कडांना ठोकळे असलेला टायर घ्यावा, असे आमचे मत आहे.

रुंदीचा हव्यास धरू नये. टायर आणि सांगाडा यांच्यामध्ये किमान सहा मिलिमीटर मोकळी जागा हवी. नाही तर चिखल अडकून चाकच थांबते. मडगार्ड असल्यास तेही ध्यानात घ्यावे.

हवा किती भरावी? मर्यादा टायरवरच छापलेली असते. समजा, सायकल व स्वार मिळून ७५ किलो वजन आहे आणि दाब दर चौरस इंचाला ४० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.८ किलो. तर दोन्ही टायर मिळून जमिनीला टेकतात अवघे सत्तावीस चौरस सेंटिमीटर! एकेका चाकाच्या वाट्याला काडेपेटीपेक्षाही कमी जागा येते. आपण वळतो, ब्रेक लावतो ते एवढ्याशा रबराच्या भरवशावर. म्हणून कडेला भेगा पडल्या, आतील धागे दिसू लागले, की टायर आणखी एक पावसाळा चालेल असे म्हणू नये.

मागच्या टायरवर भार अधिक आणि चाक फिरविण्याचे कामही त्याचेच, त्यामुळे तो आधी झिजतो. पण पैसे एकाच टायरपुरते असतील, तर नवा टायर पुढे घालून पुढचा बरा टायर मागे न्यावा. मागचे चाक घसरले तर बहुधा सावरता येते. पुढचे घसरले की स्वार आडवा झालाच.

टायर बसविताना त्याच्या कडेवरील बाण चाक फिरण्याच्या दिशेने ठेवावा. थोडी हवा भरून चाक हळूच फिरवावे आणि टायरवरील बारीक रेषा रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर आहे की नाही, हे पाहावे. कोठे ती वर आलेली किंवा खाली दबलेली दिसली, तर टायर नीट बसलेला नाही किंवा ट्यूब चिमटली आहे असे समजावे. हवा सोडून तेवढा भाग हाताने बसवावा आणि मगच पुरती हवा भरावी.