किनारा ओलांडल्यावरचं वादळ

चक्रीवादळाचा नकाशा मोबाइलवर उघडून बसणारे हौशी लोक दिसले, की समुद्रापासून एवढ्या लांबच्या छत्रपती संभाजीनगरात हा रिकामटेकडा उद्योगच वाटतो. 2021 चं 'गुलाब' आठवलं तर हे मत टिकत नाही. 26 सप्टेंबरला रात्री आठच्या सुमारास ते आंध्रातल्या कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं, तेव्हा वारे ताशी 75 ते 85 किलोमीटर होते. समुद्राच्या ऊबदार पाण्याची रसद तुटली की वारा पडतो आणि वादळ बातम्यांतून नाहीसं होतं. वाफेचा साठा मात्र लगेच सरत नाही. तोच कमी दाब तेलंगणमार्गे पश्चिमेकडे सरकला, मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं.

हौशी मंडळी ॲपवरचे रंग पाहून अफवा पसरवतात, हा आक्षेप खोटा नाही. दहा दिवस पुढचा लालभडक ठिपका स्टेटसला लावणं ही निव्वळ सनसनाटी. पण त्यावर उपाय नकाशा नीट वाचणं हाच. त्यावरची रेघ फक्त केंद्राची वाट दाखवते. पाऊस तिच्यापासून बराच दूरवर पडू शकतो. हवामान खात्याच्या पत्रकात 'चक्रीवादळ' जाऊन 'डिप्रेशन' आलं, म्हणजे वारा साधारण ताशी 50 किलोमीटरच्या आत आला, एवढंच. ही वर्गवारी वाऱ्याची; पावसासाठी जिल्हावार इशारा वेगळा पाहावा लागतो. 'गुलाब'चा उरलेला अंश तर पुढे अरबी समुद्रात उतरून 'शाहीन' झाला आणि 3 ऑक्टोबरला ओमानवर आदळला.