समतोलाच्या दोन परिभाषा : ॲक्युपंक्चर, चिंताविकार आणि प्रतिकारशक्ती

‘ह्वांगदी नेइजिंग’ ह्या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथात सुईच्या उपचाराचे तत्त्व न्यूनाची पूर्ती आणि अतिरिक्ताचा निचरा असे सांगितले आहे. माद्रिदमधील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३४ चिंताग्रस्त स्त्रियांवर ॲक्युपंक्चरचे उपचार करून त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी तपासल्या. जंतू गिळण्याची मंदावलेली क्षमता वाढली; वाजवीपेक्षा अधिक असलेली सुपरऑक्साइडची पातळी उतरली. दोन्ही बदल निरोगी स्त्रियांमधील प्रमाणाकडे झुकणारे होते.

ग्रंथातील सूत्राशी हे साम्य लक्षणीय असले, तरी त्याला पुरावा मानता येत नाही. तुलना निरोगी स्त्रियांशी असल्याने सुईचा परिणाम आणि रुग्णाची अपेक्षा ह्यांचा वाटा वेगळा काढता येत नाही. शिवाय ‘ची’ ह्या चिनी संज्ञेचा अनुवाद ‘प्रतिकारशक्ती’ असा केल्यास जे सिद्ध करावयाचे, तेच गृहीत धरले जाते.