माल कशाने पाठवावा?

भाड्याआधी माल किती दिवस टिकेल ते बघावं. नाशिकची द्राक्षं आधी गार करून, शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या रीफर कंटेनरमधून न्हावा-शेवाहून युरोपला जातात. समुद्रावरचे काही आठवडे ती सोसतात. हापूसला तेवढी सवड नसते, म्हणून अमेरिकेला तो बहुधा विमानाने जातो. भाडं मात्र कैकपट. कांदा जड आणि स्वस्त. लांबचा पल्ला आणि भरपूर माल असेल, तर रेल्वे परवडते. ७ ऑगस्ट २०२० रोजी पहिली किसान रेल देवळालीहून दानापूरला शेतमाल घेऊन निघाली. माल थोडा, बाजार जवळचा, तर ट्रकच बरा. तो शेतावरून थेट गाळ्यावर पोचतो. दरांची तुलना करताना हमाली, चढ-उतार, विमा आणि संभाव्य नासाडी धरूनच हिशोब मांडावा.